तिसरी धावपट्टी आणि मोडलेले शब्द

लंडनच्या पश्चिमेला, मिडलसेक्सच्या सुपीक सपाटीवर ‘हीथ रो’ नावाची एक वाडी होती. फळबागा, भाजीपाल्याचे मळे आणि मोजकी घरे, एवढाच तिचा पसारा. १९४४ मध्ये ब्रिटिश सरकारने युद्धकाळातल्या विशेष अधिकाराखाली ही जमीन ताब्यात घेतली. हवाई दलाला लांब पल्ल्याच्या विमानांसाठी तळ हवा आहे, असे कारण दिले गेले. युद्धाचे नाव पुढे केल्यामुळे जनसुनावणी टळली आणि हरकती मागवण्याचा प्रश्नच आला नाही. पुढे तळ म्हणून त्या जागेचा उपयोग काही झाला नाही. १ जानेवारी १९४६ रोजी तिथून एक नागरी विमान अर्जेंटिनाकडे उडाले. त्या काळी हवाई खात्याचे उपमंत्री असलेल्या हॅरल्ड बाल्फर यांनी १९७३ साली आपल्या आत्मचरित्रात कबुली दिली, की जागा मुळात नागरी विमानतळासाठीच हवी होती आणि ही गोष्ट आपण मंत्रिमंडळापासूनही लपवली होती.

युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असलेल्या हीथ्रोचा जन्म हा असा. आज त्याच्या चारही बाजूंना दाट वस्ती आहे आणि तो आणखी वाढवावा की नाही, यावर ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी तिसऱ्या धावपट्टीला सरकारचा पाठिंबा जाहीर केला आणि जुने भांडण पुन्हा पेटले. या भांडणाला पैशाची बाजू आहे, आवाजाची आहे, हवामानबदलाचीही आहे. पण विमानतळाच्या शेजाऱ्यांना वेळोवेळी कोणते शब्द दिले गेले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय त्यांचा राग नीट कळत नाही.

दोन धावपट्ट्यांची ओढाताण

विमानतळाची बाजू आधी पाहू, कारण ती पोकळ नाही. हीथ्रोला समांतर अशा दोनच धावपट्ट्या आहेत. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाला चार आहेत, फ्रँकफर्टला चार, तर ॲमस्टरडॅमच्या स्किपोलला सहा. हीथ्रोवर वर्षाला ४ लाख ८० हजार विमानांच्या ये-जा करण्याची कायदेशीर मर्यादा आहे आणि ती जवळजवळ पूर्ण वापरली जाते. दिवसाला तेराशेच्या वर विमाने उतरतात किंवा उडतात. २०२४ मध्ये सुमारे ८ कोटी ३९ लाख प्रवाशांनी हा विमानतळ वापरला.

इतक्या भरलेल्या वेळापत्रकात थोडेही धुके पडले किंवा वारा वाढला, तरी सगळे कोलमडते. उतरायला येणारी विमाने बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी आकाशात एकावर एक थरांनी घिरट्या घालत थांबतात आणि तेवढे इंधन फुकट जळते. उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळांना, म्हणजे स्लॉटना, सोन्याचा भाव आला आहे. २०१६ मध्ये ओमान एअरने स्लॉटच्या एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. एखाद्या नव्या विमान कंपनीला एवढ्या किमतीत दारात पाऊल टाकणे परवडत नाही आणि जुन्या कंपन्यांची मक्तेदारी टिकते.

शिवाय हीथ्रो हा ‘हब’ आहे, म्हणजे विमान बदलून पुढे जाण्याचे ठिकाण. लंडनहून एखाद्या दूरच्या शहराकडे रोज विमान भरेल इतके लंडनकर प्रवासी नसतात. इतर देशांतून येऊन तिथे विमान बदलणारे प्रवासी मिळाले, तरच ते उड्डाण रोज परवडते. म्हणूनच शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळी धावपट्टी बांधून भागत नाही, असे विस्ताराचे समर्थक सांगतात.

छपरांवरून जाणारी वाट

आता शेजाऱ्यांची बाजू. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि उतरते. लंडनमध्ये बहुतेक दिवस वारा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे उतरणारी विमाने पूर्वेकडून, म्हणजे अख्ख्या लंडन शहरावरून येतात. बॅटरसी, फुलम, पटनी, क्यू आणि मग हाउन्स्लो अशी ही वाट आहे. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या कोनात खाली येते. याचा अर्थ, धावपट्टीपासून १० किलोमीटरवर ते जमिनीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास उंचीवर असते आणि ३ किलोमीटरवर पावणेदोनशे मीटरांच्या आत. गर्दीच्या वेळी दर दीड मिनिटाला एक, असे हे तासन्‌तास चालते.

या जाचावर हीथ्रोने एक उपाय काढला आहे. पश्चिमेचा वारा असताना एक धावपट्टी उतरण्यासाठी आणि दुसरी उडण्यासाठी वापरतात, आणि दुपारी ३ वाजता अदलाबदल करतात. त्यामुळे उतरण्याच्या वाटेखालच्या घरांना निदान अर्धा दिवस शांतता मिळते. दर आठवड्याला क्रमही बदलतो, म्हणजे एका वस्तीला कायम सकाळ आणि दुसरीला कायम संध्याकाळ असे होत नाही. हाउन्स्लो किंवा रिचमंडच्या लोकांना हे वेळापत्रक तोंडपाठ असते; बागेत पाहुणे कधी बोलवायचे हे त्यावर ठरते. तिसरी धावपट्टी आली की ही पाळी तीन पट्ट्यांत वाटावी लागेल आणि शांततेचा वाटा घटेल. शिवाय आजवर ज्यांच्या डोक्यावर विमान नव्हते, अशा नव्या वस्त्या त्या वाटेखाली येतील.

आवाज वाटून घेण्यातला पेच क्रॅनफर्डच्या गोष्टीत दिसतो. क्रॅनफर्ड हे उत्तरेकडच्या धावपट्टीच्या पूर्व टोकाला लागून असलेले गाव. पूर्वेच्या वाऱ्यात त्या पट्टीवरून क्रॅनफर्डच्या दिशेने विमाने उडवायची नाहीत, असे १९५० च्या दशकात तोंडी ठरले. कागदावर सही नसताना हा करार अर्धशतकाहून अधिक काळ पाळला गेला आणि २००९ मध्ये सरकारने तो संपुष्टात आणला. करारामुळे क्रॅनफर्ड वाचले खरे. पण पूर्वेचा वारा असला की पट्ट्यांची अदलाबदल करता येईना आणि त्याचा भार विंडसरसारख्या इतर गावांवर पडला. विमानांची संख्या कमी झाल्याशिवाय आवाज कमी होत नाही, तो फक्त एका छपरावरून दुसऱ्या छपरावर जातो.

सरासरीची करामत

विमानतळ म्हणतो, आवाज कमी झाला आहे. रहिवासी म्हणतात, वाढला आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. गफलत मोजण्याच्या पद्धतीत आहे.

डेसिबलचे माप साध्या फूटपट्टीसारखे नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होणे, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटणे. ऊर्जा नुसती दुप्पट झाली तर माप जेमतेम ३ डेसिबलने वाढते. विमानतळाचा आवाज मोजताना ब्रिटनमध्ये सकाळी ७ ते रात्री ११ या सोळा तासांतली सगळी ध्वनिऊर्जा एकत्र करून तिची सरासरी काढतात. आता हिशेब पाहा. प्रत्येक विमान ३ डेसिबलने शांत झाले आणि विमाने दुप्पट झाली, तर सरासरी होती तेवढीच राहते. पण ३ डेसिबलचा फरक कानाला मुश्किलीने कळतो आणि दुप्पट विमाने मात्र चांगलीच कळतात. कोकणातल्या पावसाला ३६५ दिवसांनी भागले, तर रोज एक सर पडते असे उत्तर येईल. त्यावर विसंबून कोणी घर शाकारायचे थांबत नाही.

विमानांची इंजिने खरोखर शांत झाली आहेत. जुनी जेट विमाने आणि २००३ पर्यंत उडणारे कॉन्कॉर्ड यांच्या तुलनेत आजचे विमान सौम्य आहे. पण रेषा कुठे आखायची, यावर बाधितांची संख्या ठरते. ब्रिटनमध्ये बरीच वर्षे ५७ डेसिबल ही त्रास सुरू होण्याची पातळी मानली जात होती. त्या मापाने २००६ मध्ये हीथ्रोचा त्रास होणारे लोक अडीच लाखांच्या आसपास होते. त्याच वर्षी युरोपीय पद्धतीने मोजले, तर तो आकडा सात लाखांच्या वर गेला. युरोपीय पद्धतीत संध्याकाळच्या आणि रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देतात आणि रेषा ५५ डेसिबलवर आखतात. वर्ष एक, विमाने एक, आकाश एक; बाधितांत साडेचार लाखांचा फरक. पुढे २०१४ च्या सरकारी पाहणीत दिसले, की पूर्वी ५७ डेसिबलला जितके लोक हैराण होत, तितके आता ५४ डेसिबललाच होतात.

त्रास फक्त चिडचिडीपुरता नसतो. हीथ्रो, स्किपोल आणि माद्रिदचा बाराखास या तीन विमानतळांभोवतीच्या ८९ शाळांतल्या २,८४४ मुलांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २००५ साली प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज वाढतो तशी मुलांची वाचून समजण्याची क्षमता मागे पडते, असे त्यात आढळले. ब्रिटनमध्ये ५ डेसिबलच्या वाढीमागे वाचनाचे वय सुमारे दोन महिन्यांनी मागे पडत होते. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या अभ्यासाने हीथ्रोभोवतीच्या सुमारे ३६ लाख लोकांच्या आरोग्याच्या नोंदी तपासल्या. सर्वाधिक आवाजाच्या भागांत पक्षाघात आणि हृदयविकाराचे प्रमाण जास्त निघाले. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, संबंध तेवढा दिसतो. तरी तो नजरेआड करण्यासारखा नाही. हाउन्स्लोमधल्या एका बालशाळेने तर मैदानात मातीच्या जाड भिंतींच्या घुमट्या बांधल्या. विमान डोक्यावरून जाताना बाहेर खेळणारी मुले त्यात शिरली, की बाईंचे बोलणे त्यांना ऐकू येते.

भाकरी आणि झोप

एवढे असूनही विमानतळाजवळच्या हाउन्स्लो, हेज आणि साउथॉलची सगळी माणसे विस्ताराच्या विरोधात नाहीत. विमानतळाच्या आवारात सत्तर हजारांहून अधिक लोक काम करतात आणि त्यांतले कितीतरी याच वस्त्यांत राहतात. साउथॉलमध्ये स्थिरावलेल्या पंजाबी कुटुंबांच्या किमान दोन पिढ्या विमानतळाच्या स्वयंपाकघरांत, सामान हाताळणीत आणि सफाईत राबल्या आहेत. ऑगस्ट २००५ मध्ये विमानात जेवण पुरवणाऱ्या गेट गोर्मे कंपनीने शेकडो कामगारांना कामावरून काढले. त्यांत साउथॉल परिसरातल्या दक्षिण आशियाई बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी ब्रिटिश एअरवेजच्या जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवले आणि हीथ्रोवरची उड्डाणे ठप्प झाली. या वस्त्यांची भाकरी विमानतळातून येते आणि झोपही विमानतळच मोडतो. पश्चिमेकडच्या कष्टकरी वस्त्यांना नोकऱ्या हव्यात आणि रिचमंडसारख्या सुखवस्तू भागाला शांतता हवी, अशी सरळ वाटणी करून हा वाद सुटत नाही. बऱ्याचदा दोन्ही गरजा एकाच घरात नांदतात.

ज्यांची घरेच जाणार, त्यांचे दुःख आणखी वेगळे. तिसरी धावपट्टी विमानतळाच्या वायव्येला आखली आहे. तिच्यासाठी साडेसातशेच्या आसपास घरे पाडावी लागतील. लाँगफर्ड गाव नाहीसे होईल, हार्मंड्सवर्थचा मोठा भाग जाईल आणि सिप्सन अगदी कुंपणाला टेकेल. हार्मंड्सवर्थमध्ये १४२६ च्या सुमाराचे लाकडी धान्यकोठार उभे आहे. कवी जॉन बेट्जमन यांनी त्याला ‘मिडलसेक्सचे कॅथेड्रल’ म्हटले होते. कोठार पाडले जाणार नाही, पण त्याच्या जवळच धावपट्टीचे कुंपण येईल. घरमालकांना बाजारभावावर २५ टक्के अधिक रक्कम देऊ केली आहे. पण प्रकल्प होणार, रद्द होणार, पुन्हा होणार, या लपंडावात वर्षे गेली. विमानतळाने विकत घेतलेल्या घरांत भाडेकरू आले आणि जुने शेजार विसकटले. धावपट्टीची एक वीटही न लावता गाव पोखरले गेले.

शब्दांचा हिशेब

आता शब्दांकडे येऊ. १९७९ मध्ये चौथ्या टर्मिनलला मंजुरी मिळाली, तेव्हा वर्षाला २ लाख ७५ हजार उड्डाणांची मर्यादा सांगितली गेली. टर्मिनल १९८६ मध्ये सुरू झाले. मर्यादा पुढे सोडून देण्यात आली. पाचव्या टर्मिनलची जनसुनावणी १९९५ ते १९९९ अशी चालली. ५२५ दिवसांचे कामकाज झालेली ती ब्रिटनमधली सर्वांत लांबलेली नियोजन सुनावणी. तिसरी धावपट्टी आम्हाला नको आणि आम्ही ती मागणारही नाही, असे विमानतळ चालवणाऱ्या ‘बीएए’ कंपनीच्या प्रमुखांनी १९९९ मध्ये शेजाऱ्यांना पत्र लिहून कळवले. सुनावणी अधिकाऱ्यांनीही अशा धावपट्टीचे परिणाम अजिबात स्वीकारण्याजोगे नसतील, असे नोंदवले. नोव्हेंबर २००१ मध्ये ४ लाख ८० हजारांची मर्यादा घालून टर्मिनल मंजूर झाले. अवघ्या दोन वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये, सरकारच्या श्वेतपत्रिकेत तिसरी धावपट्टी आली.

राजकारण्यांनी यात भरच घातली. जानेवारी २००९ मध्ये लेबर सरकारने धावपट्टीला होकार दिला, तेव्हा विमानतळाच्या परिसरातले लेबर खासदार जॉन मॅक्डॉनेल यांनी भर सभागृहात राजदंड उचलला आणि निलंबन ओढवून घेतले. विरोधी बाकांवरचे डेव्हिड कॅमेरन यांनी ‘कोणत्याही परिस्थितीत तिसरी धावपट्टी नाही’ असे वचन दिले आणि २०१० मध्ये सत्तेत येताच योजना गुंडाळली. पण दोनच वर्षांत त्यांच्याच सरकारने सर हॉवर्ड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि जुलै २०१५ मध्ये त्या आयोगाने हीथ्रोचीच शिफारस केली. बुलडोझरसमोर आडवे पडण्याची घोषणा करणारे बोरिस जॉन्सन २५ जून २०१८ रोजी या धावपट्टीच्या प्रस्तावावर संसदेत मतदान झाले तेव्हा परराष्ट्रमंत्री म्हणून अफगाणिस्तानात होते. प्रस्ताव ४१५ विरुद्ध ११९ मतांनी मंजूर झाला. पॅरिस हवामान कराराचा विचार केला नाही म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

२०२५ च्या नव्या आराखड्यात साडेतीन किलोमीटरची धावपट्टी आहे आणि तिच्याखालून एम-२५ महामार्ग बोगद्यातून जाणार आहे. नवी टर्मिनले धरून सगळा खर्च ४९ अब्ज पौंड सांगितला आहे. उड्डाणे वर्षाला साडेसात लाखांच्या आसपास जातील आणि प्रवासी १५ कोटींपर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने पुढच्या धोरणाचा आधार म्हणून हाच आराखडा निवडला. आताही आश्वासने आहेत: विमाने शांत असतील, रात्री साडेसहा तास नियोजित उड्डाणे बंद राहतील, हवामानाची उद्दिष्टे पाळली जातील. ती प्रामाणिक असतीलही. पण १९४४ पासूनचा हिशेब ज्यांना पाठ आहे, त्यांनी विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

फ्रँकफर्टचा धडा

याचे उत्तर काही अंशी जर्मनीत सापडते. फ्रँकफर्टमध्ये १९८० च्या दशकात ‘पश्चिम धावपट्टी’वरून रक्तपात झाला होता. १९८७ मध्ये आंदोलनाच्या वेळी झालेल्या गोळीबारात दोन पोलीस ठार झाले. पुढच्या विस्ताराच्या वेळी ही चूक टाळण्यासाठी सरकार, विमान उद्योग आणि आसपासच्या नगरपालिका यांच्यात मध्यस्थी करण्यात आली. २००० साली तोडगा पुढे आला: नवी धावपट्टी हवी असेल, तर रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणबंदीही सोबत घ्यावी लागेल. पुढे हेसेन राज्य सरकारने मंजुरी देताना मधल्या मध्ये रात्रीच्या सतरा उड्डाणांची सवलत घुसडली. लोक न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०११ मध्ये नवी धावपट्टी सुरू होण्याच्या तोंडावर राज्याच्या प्रशासकीय न्यायालयाने ती उड्डाणे रोखली आणि एप्रिल २०१२ मध्ये लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदीवर शिक्कामोर्तब केले. लोकांची नाराजी संपली नाही, दर सोमवारी टर्मिनलमध्ये निदर्शने होतच राहिली. पण रात्रीची बंदी टिकली, कारण ती कुणाच्या पत्रावर किंवा भाषणावर उभी नव्हती. ती मंजुरीचा भाग झाली होती आणि मोडली तर दाद मागायला जागा होती.

विमानतळ नकोच, असे म्हणणे सोपे असते आणि विकासाला विरोध नको, हेही. मोठ्या शहराला विमानतळ लागतो, आणि तो कुणाच्या तरी जमिनीवर नि कुणाच्या तरी छपराजवळच होतो. मुंबईचा भार हलका करण्यासाठी नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, त्यासाठी दहा गावे उठली. पुण्याजवळच्या पुरंदरमध्ये नियोजित विमानतळासाठी ज्यांची जमीन जायची आहे, त्या सात गावांत तोच प्रश्न धुमसतो आहे. आपल्याकडे भांडण जमिनीच्या मोबदल्यापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. कुंपणाबाहेर राहणाऱ्यांचा, पुढच्या पन्नास वर्षांच्या आवाजाचा, रात्रीच्या उड्डाणांचा विषय सुनावणीत निघतच नाही.

म्हणून आपल्या भागात अशी सुनावणी लागली, तर भाषणे ऐकून घरी परतू नका. वर्षाला जास्तीत जास्त किती उड्डाणे, रात्री किती ते किती बंद, आवाज कोण मोजणार आणि कोणत्या मापाने, हे विचारा. ही मर्यादा ओलांडली तर दंड कोणाला आणि किती, हेही विचारा. उत्तरे मंजुरीच्या आदेशात छापून आली, तरच त्यांना अर्थ आहे. बाकी सगळे तोंडी आहे, आणि तोंडी शब्दांचे काय होते हे हीथ्रोच्या शेजाऱ्यांनी ऐंशी वर्षे पाहिले आहे.